कॅलिपर, कुबडी आणि बाळ : आईबाबा होण्याआधीची तयारी

मी दीड वर्षाची असताना मला पोलिओ झाला. उजवा पाय मांडीपासून बारीक राहिला. तेव्हापासून त्या पायाला मांडीपर्यंतचा कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी सळ्या-पट्ट्यांची चौकट, आणि डाव्या हातात कुबडी. माझा मुलगा आता दहा वर्षांचा आहे. त्याच्या वेळी दिवस गेले तेव्हा मला विचारायला कुणी नव्हतं. गावात पोलिओ झालेल्या दोघीजणी होत्या, पण दोघींचीही लग्नं झाली नव्हती. आता मात्र ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून मला फोन येतात. कुणाला पोलिओ, कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणी अपघातानंतर व्हीलचेअरवर. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच असतो : "ताई, बाळ उचलायचं कसं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात मिळालं आणि पुढची सगळी तयारी त्यातूनच निघाली. बाळ हातात असताना आपण पडायचं नाही. आपण एकटं पडलो तर खरचटतं, रडू येतं, पण उठता येतं. आपल्याला पडायची सवयही असते. म्हणून बाळाला घेऊन चालावं लागणार नाही अशी घराची मांडणी करायची. आपण बाळाकडे धावायचं नाही, बाळ आपल्या हाताशी ठेवायचं. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

दिवस राहण्याआधी

जमलं तर सहा महिने आधी सुरुवात करा. आपलं दुखणं बाळाला होईल का, ही भीती सगळ्यात आधी निकालात काढा, कारण घरातले मोठेही तेच मनात धरून बसलेले असतात. पोलिओ विषाणूमुळे होतो. तो आईकडून बाळाला वारशाने जात नाही. अपघातात पाठीचा कणा दुखावला असेल तर वारशाचा प्रश्नच नाही. सेरेब्रल पाल्सी बहुतेक वेळा जन्माच्या आधी किंवा जन्माच्या सुमारास मेंदूला झालेल्या इजेमुळे येते. पण मस्क्युलर डिस्ट्रॉफी, स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी असे स्नायूंचे आजार जनुकांमधून येतात. तुमचा आजार त्यातला असेल, किंवा निदान नीट झालंच नसेल, तर आधी जेनेटिक्सच्या डॉक्टरांना भेटा. "लहानपणी ताप आला आणि पाय गेला" एवढ्यावर थांबू नका.

फॉलिक अॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून लागते, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. बाळाचा कणा पहिल्या चार आठवड्यांतच तयार होतो आणि तेव्हा पाळी चुकल्याचंही नीट लक्षात आलेलं नसतं. ज्यांना स्वतःला किंवा नवऱ्याला स्पायना बिफिडा (जन्मतःच कणा नीट न मिटलेला असणं) आहे त्यांना ही गोळी नेहमीपेक्षा बरीच जास्त मात्रेची लागते. ती डॉक्टरांकडून लिहून घ्या.

चालू असलेल्या औषधांची यादी करा. फिट्ससाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते गर्भाला घातक ठरू शकतं. स्नायू सैल करणाऱ्या आणि दुखण्याच्या गोळ्यांबद्दलही विचारायला हवं. मात्र स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. औषध बदलायचं असेल तर ते डॉक्टर हळूहळू बदलतात, आणि त्यासाठीच हातात महिने हवेत.

पाठीला बाक असेल तर फुप्फुसांची ताकद मोजणारी तपासणी करून घ्या. पोट वर येतं तसा श्वास कमी पडतो, म्हणून आधी किती शिल्लक आहे ते ठाऊक असावं. बारीक राहिलेल्या पायाचं हाड बरेचदा ठिसूळ असतं. साध्या पडण्यानेही ते मोडू शकतं. त्यामुळे ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमबद्दल आत्ताच विचारा.

आणि फिजिओथेरपिस्ट. हा खर्च टाळावासा वाटतो, पण टाळू नका. कुबडी वापरणाऱ्या बाईचे पाय म्हणजे तिचे खांदे आणि मनगटं. गरोदरपणात वाढलेलं वजन तेच झेलतात आणि पुढे बाळही तेच झेलणार असतात. मुंबईकरांसाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, ती १९५५ पासूनची. बाकीच्यांनी जिल्हा रुग्णालयातला किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातला फिजिओथेरपी विभाग गाठावा.

वडील होणाऱ्यांसाठीही थोडं लिहिते, कारण त्यांना कुणीच काही सांगत नाही. पोलिओने पुरुषाच्या मूल होण्याच्या क्षमतेवर सहसा परिणाम होत नाही. कण्याच्या दुखापतीनंतर मात्र अडचणी येतात आणि त्यावर उपचार आहेत. लाजेपोटी वर्षं घालवू नका. खालची घराची तयारी तर तुमच्यासाठीही आहेच.

डॉक्टर निवडताना

माझ्या पहिल्या डॉक्टरीण बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. फाईल उघडली, नजर नवऱ्याकडे वळवली आणि विचारलं, "ठेवायचंय का हे? यांना झेपणार आहे का?" मी टेबलाच्या अलीकडे, हातभर अंतरावर बसले होते. घरी येऊन रात्रभर रडले. त्या दवाखान्यात परत गेले नाही, आणि तो निर्णय बरोबर होता असं आजही वाटतं. दुसरीकडे गेले तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न मला केला : "कॅलिपर काढून किती पावलं चालता?" कामाचा प्रश्न असा असतो. तो ऐकला आणि मला माझे डॉक्टर सापडले.

तुमच्या बाजूने कायदा आहे, तो माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. त्याचं कलम १० सांगतं की प्रजनन आणि कुटुंबनियोजनाची योग्य माहिती मिळणं हा आपला हक्क आहे, आणि आपल्या पूर्ण समजुतीच्या संमतीशिवाय मूल होणं बंद करणारी कोणतीही शस्त्रक्रिया करता येत नाही. कलम २५ प्रमाणे सरकारी आणि खाजगी, दोन्ही रुग्णालयं वावरायला अडथळामुक्त असायला हवीत आणि तपासणीत आपल्याला प्राधान्य मिळायला हवं. दिव्यांग स्त्रीच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात करणं हा कलम ९२ खाली गुन्हा आहे. अतितीव्र दिव्यांगत्वाचा, डॉक्टरांचं मत आणि पालकाची संमती असलेला एक अपवाद सोडला तर शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. हे दवाखान्यात भांडायला सांगत नाही. पण "तुम्ही कशाला या फंदात पडलात" असं कुणी म्हणालं तर आपण काही चुकीचं केलेलं नाही, हे मनाशी पक्कं असावं.

नाव घालण्याआधी दवाखाना स्वतः चालून बघा. लिफ्ट आहे का, आणि वीज गेल्यावर चालते का? तपासणीचं टेबल किती उंच आहे, चढायला पायरी आहे का, ती डुगडुगते का? संडास कमोडचा आहे का, तिथे धरायला दांडा आहे का? लेबर रूम कुठल्या मजल्यावर? सोनोग्राफीच्या टेबलावर चढताना मला दरवेळी दोघांचा आधार लागायचा. तिसऱ्या वेळेपासून मी आधीच फोन करून सांगू लागले, मग ते सकाळची पहिली वेळ द्यायला लागले. सांगितलं की लोक करतात, हे मला फार उशिरा कळलं.

आपण मुळातच "जोखमीची माता" या गटात जातो. सरकारी तपासणीत कार्डावर लाल स्टिकर लागतो. त्याला घाबरू नका. लाल स्टिकर म्हणजे जास्त लक्ष. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयात मोफत तपासणी होते. आशाताईंना तुमची परिस्थिती नीट सांगून ठेवा.

नऊ महिने तोल सांभाळताना

पोट पुढे येतं तसा शरीराचा तोल पुढे सरकतो आणि सांधे सैल होतात. धडधाकट बाईही सातव्या महिन्यात अडखळते. आपण तर आधीच तोल मोजून मापून चालतो, त्यामुळे दर काही आठवड्यांनी चालणं नव्याने शिकावं लागतं. मला पाचव्या महिन्यापर्यंत काही जाणवलं नाही आणि सहाव्यात एकदम सगळं बदललं.

कॅलिपर त्या सुमारास तंग होतो. पावलं सुजतात, मांडी भरते, वरचा चामड्याचा पट्टा रुततो. रुतू देऊ नका, तिथे जखम झाली तर कॅलिपरच घालता येणार नाही. कॅलिपरवाल्याकडे जाऊन पट्ट्याला जास्तीची भोकं पाडून घ्या, किंवा पट्टा लांब करून घ्या. बूट अर्धा नंबर मोठा लागू शकतो. वाकून बूट घालणं आठव्या महिन्यात जवळजवळ अशक्य होतं, तेव्हा हे रोजचं काम कोण करणार ते आधी ठरवा.

कुबडीचं रबर उलटं करून बघा. खालच्या रेघा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर आजच बदला. सर्जिकल दुकानात मिळतं, स्वस्त असतं, दोन-तीन जास्तीची आणून ठेवा. ओल्या फरशीवर झिजलेलं रबर म्हणजे साबणच. आमच्याकडे पावसाळ्यात दाराशी छत्र्या निथळत असायच्या. त्या दिवसांत छत्र्या बाहेरच ठेवायचा नियम सासूबाईंनी स्वतः केला.

न्हाणीघरात स्टुल, भिंतीला पक्का लोखंडी दांडा, खाली रबरी चटई आणि भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड किंवा कमोडची खुर्ची, एवढं चौथ्या महिन्याच्या आत करून घ्या. टॉवेलचा दांडा धरून उठू नका, तो टॉवेलच्याच वजनासाठी असतो.

शेवटच्या दोन महिन्यांत मी बाहेर जाताना व्हीलचेअर वापरली. आयुष्यभर "चालते मी" हा माझा अभिमान होता, म्हणून त्या खुर्चीत बसताना मन फार जड झालं. पण लग्नाच्या हॉलमध्ये गुळगुळीत फरशीवरून जाताना पहिल्यांदाच मी खाली न बघता माणसांकडे बघत गेले. खुर्ची भाड्याने मिळते. लाज वाटून घेऊ नका.

पडलात, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त, पाणी जाणं, पोट कडक होणं, बाळाची हालचाल कमी होणं यातलं काही असेल तर तासभरही थांबू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर पोटाला मार लागल्यावर अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं.

एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. कमी हालचाल आणि गरोदरपण एकत्र आले की हा धोका वाढतो. "पोलिओचा पाय आहे, सुजतोच" असं म्हणून कुणी घरी बसवू नये.

व्हीलचेअरवरच्या मैत्रिणींसाठी वेगळं. लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होतो, त्यामुळे ताप नसला तरी तपासणी करत राहा. वजन वाढल्यावर बैठकीच्या जखमा लवकर होतात, उशी तपासून घ्या. कळा नेहमीसारख्या जाणवतीलच असं नाही, म्हणून सहाव्या महिन्यापासून पोटावर हात ठेवून पोट कडक होणं ओळखायला शिका. आणि कण्याची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर असेल, तर कळांच्या वेळी अचानक ठणकणारं डोकं, घाम, तोंड लाल होणं, रक्तदाब झपाट्याने चढणं असं होऊ शकतं. त्याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. हे जिवावर बेतू शकतं, आणि छोट्या प्रसूतिगृहात प्रत्येकाला हे ठाऊक असेलच असं नाही. हे नाव कागदावर लिहून फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवा. अशा बाळंतपणासाठी सगळ्या सोयी असलेलं मोठं रुग्णालयच निवडा.

भुलीच्या डॉक्टरांची भेट

ही भेट बहुतेक जणी चुकवतात आणि मग टेबलावर धावपळ होते. सातव्या-आठव्या महिन्यात भुलीच्या डॉक्टरांना मुद्दाम भेटा. पाठीला बाक असेल तर सुई कुठे घालायची हे त्यांना आधी बघावं लागतं. पाठीत रॉड असेल तर जुन्या ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे शोधून काढा. पोलिओ झालेल्यांना गुंगीची आणि स्नायू सैल करणारी काही औषधं नेहमीपेक्षा जास्त चढतात. लहानपणचा पोलिओ म्हणून ती गोष्ट सांगायची राहून जाते. सांगा.

सीझरच होणार असं धरून चालू नका, आणि होणारच नाही असंही नाही. पोलिओत पायाचे स्नायू जातात, गर्भाशयाचं आकुंचन ठीक राहतं आणि कळाही जाणवतात. पण कमरेचं हाड तिरकं झालं असेल तर वाट अरुंद असू शकते. ते डॉक्टर तपासून ठरवतात. पाय किती फाकतो, कुठल्या बाजूला वळला की दुखतो, हे तुम्ही आधी सांगा. भूल चढल्यावर कुणी पाय ओढला तर आपल्याला कळत नाही आणि दुखणं नंतर महिनाभर पुरतं.

कागद

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर पाचव्या महिन्याच्या आत करा, नंतर रांगेत उभं राहवत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये मिळतात आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. पात्रतेच्या यादीत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या स्त्रियांचा वेगळा उल्लेख आहे. अर्जासाठी अंगणवाडीताई किंवा आशाताई मदत करतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सीझरसुद्धा, औषधं, तपासण्या आणि येण्याजाण्याची गाडी मोफत आहे. केंद्र सरकारी नोकरीत असलेल्या दिव्यांग आईला बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत बालसंगोपनाचा विशेष भत्ता मिळतो. तो दरमहा ३,००० रुपये होता, जानेवारी २०२४ पासून ३,७५० झाला. कार्यालयातून कुणी आपणहून सांगत नाही, मागावा लागतो.

ज्यांना गरोदरपण झेपणार नाही असं डॉक्टर सांगतात, त्यांनी दत्तक घेण्याचा विचार जरूर करावा. नियम शारीरिक, मानसिक, आर्थिक क्षमता आणि जीवघेणा आजार नसणं हे बघतात. नुसतं दिव्यांगत्व म्हणून दार बंद होत नाही.

तांदळाची पिशवी

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आठव्या महिन्यात मी तीन किलो तांदूळ एका कापडी पिशवीत भरले, पिशवी दुपट्यात गुंडाळली आणि आठवडाभर तिला बाळ समजून वागवलं. अंथरुणातून उचलायचं, मांडीवर घ्यायचं, लंगोट बदलायचा, पाळण्यात ठेवायचं. रात्री दोनचा गजर लावून, कॅलिपर काढलेला असताना, झोपेतून उठून तेच.

ती पिशवी पहिल्या तीन दिवसांत माझ्या हातून दोनदा निसटली. दोन्ही वेळा एकाच जागी. पलंगावरून उठून पाळण्याकडे वळताना डावा हात आपोआप कुबडीकडे गेला आणि सगळं वजन उजव्या हातावर आलं. पाळणा पलंगापासून फक्त चार पावलांवर होता. नवरा म्हणाला, "चार पावलंच आहेत ना?" त्या चार पावलांतच तांदूळ जमिनीवर पडले होते. मी सांडलेले दाणे वेचत बसले आणि माझे हात थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी पाळणा गेला आणि सुताराकडून पलंगाच्याच उंचीची, एक बाजू उघडी असलेली लाकडी खाट करून घेतली. ती पलंगाला घट्ट लावून पट्ट्याने बांधली, मध्ये बोटभरही फट ठेवली नाही. आता बाळाला उचलायचंच नव्हतं. दुपट्याचं टोक धरून बाळ आपल्याकडे सरकवून घ्यायचं. रात्री कॅलिपर चढवायला मला पाच मिनिटं लागतात आणि भुकेलं बाळ पाच मिनिटं थांबत नाही. कॅलिपर न घालता, पलंगावर बसल्या बसल्या हात पोहोचेल एवढ्या अंतरात लंगोट, दुपटी, पाण्याची बाटली, दिव्याचं बटण, फोन, सगळं ठेवलं. तुम्ही तुमच्या पलंगावर बसा, दोन्ही हात पसरा. तेवढं तुमचं राज्य. बाळाचं सगळं सामान त्यात बसवा.

पिशवीची तालीम तुमच्या घरात, तुमच्या पायांनीच करा. माझ्या घरातली अवघड जागा वेगळी, तुमची वेगळी असेल. कुणाची उंबरठ्यावर असते, कुणाची न्हाणीघराच्या दारात. बाळ पाच-सहा महिन्यांत जन्माच्या दुप्पट आणि वर्षाचं होईतो तिप्पट वजनाचं होतं, म्हणून नंतर सहा किलोची तालीमही करून बघा.

एका खोलीतून दुसरीकडे न्यायला मी चार चाकांची, चाकांना लॉक लागणारी, जड बुडाची ट्रॉली वापरली. तिच्यात बाळ आडवं ठेवायचं आणि ढकलायचं. हलकी ट्रॉली घेऊ नका. आपण तिच्यावर भार टाकला तर ती पुढे पळते आणि आपण मागे राहतो. पुढे बांधायची झोळीसारखी पिशवी हवीहवीशी वाटते, पण तिच्याने तोल आणखी पुढे जातो. वापरायची असेल तर फिजिओथेरपिस्टसमोर तांदूळ बांधून चालून दाखवा, ते ठरवतील. बांधणं-सोडणं नेहमी पलंगावर बसून करा. बाळाचा चेहरा आपल्याला दिसला पाहिजे, हनुवटी छातीवर दुमडलेली नको.

व्हीलचेअर असेल तर मांडीवर बाळ ठेवून दोन्ही हातांनी चाकं ढकलण्यासाठी कमरेला बांधायचा रुंद पट्टा शिवून घ्या. सेरेब्रल पाल्सीत हात झटका देत असतील तर दूध पाजणं, लंगोट बदलणं, दोन्ही टेकून आणि आडवं पडूनच करा.

बाळंतपणानंतरचा सव्वा महिना

सीझर झालं तर कुबडीवर भार देताना टाक्यांवर ताण येतो. पहिले दोन-तीन आठवडे व्हीलचेअर वापरायचं आधीच ठरवून ठेवा आणि ती खुर्ची रुग्णालयातच मागवून घ्या. पाजताना कुशीवर झोपून पाजलं की पाठ आणि मनगटं वाचतात, पण बाळ पाजून झालं की लगेच त्याच्या जागी सरकवा. आपण दमलेले असतो, झोप कधी लागते कळत नाही.

अंघोळीबद्दल मी हट्ट धरला होता. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, आई आणि आजीने घातलं तसं. बाळंतिणीची बाई रोज यायची, ती म्हणाली, "तुला कशाला तो त्रास?" पण मला हवं होतं. पाटावर बसून पाय लांब केले की माझा डावा पाय भरलेला आणि उजवा काठीसारखा, त्यामुळे बाळ उजवीकडे घरंगळायचं. त्या बाईनेच चौथ्या दिवशी उपाय काढला. उजव्या गुडघ्याखाली घडी घातलेला टॉवेल आणि पायाच्या बाहेरच्या बाजूने गुंडाळलेलं दुपटं. दोन्ही पाय एका उंचीला आले आणि मध्ये छान खोबण तयार झाली. मग ती तांब्याने पाणी घालायची आणि मी तेल चोळायचे. माझ्या त्या पायावर माझं बाळ निजलं होतं. ज्या पायाला आयुष्यभर सगळे बिनकामाचा म्हणाले, त्या पायावर.

पण नियम सोडला नाही. आधी बाळ दुसऱ्याच्या हातात, मग माझं उठणं. तेलाचे हात आणि पाटाखालची फरशी पुसल्याशिवाय उठायचं नाही. घरात एकट्याच असाल तर पायावरची अंघोळ नको. पलंगावर, ओल्या कापडाने पुसून घेतलं तरी बाळ स्वच्छ होतं. बाळाला शेगडीची धुरी देऊ नका, धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो.

मदतीला माणसं येतात ती प्रेमाने येतात, आणि प्रेमाने बाळच उचलून घेतात. "तू आराम कर, तुला जमणार नाही." आठवडाभर असं झालं की बाळ आपलं आहे असंच वाटेनासं होतं. मी आईला रडत सांगितलं, बाळ माझ्याकडे राहू दे, तू बाकीचं कर. पाणी आण, कपडे धू, मला जेवायला वाढ, बाळ माझ्या मांडीवर दे. आईला सुरुवातीला वाईट वाटलं, मग समजलं. ही गोष्ट डोहाळजेवणाच्या सुमारासच दोन्हीकडच्या घरांत बोलून ठेवा. नंतर बोललं की उर्मटपणा वाटतो.

सतत रडू, झोप न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं असं दोन आठवड्यांपेक्षा जास्त राहिलं तर ते आपल्या अपंगत्वाचं दुःख समजून गिळू नका. कुणालाही होऊ शकतो असा तो आजार आहे आणि उपचाराने बरा होतो. डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोला.

रांगायला लागल्यावर

इथून पुढे बाळ आपल्यापेक्षा वेगवान. घराच्या दाराला आणि जिन्याला कमरेएवढं फाटक हवंच, कडी बाळाच्या हाताला न लागणारी आणि आपल्याला एका हाताने उघडता येणारी. एक खोली पूर्ण निर्धोक करा, प्लग झाकलेले, जड वस्तू बांधलेल्या, आणि त्या खोलीत आपणही जमिनीवर बसा. मी कॅलिपर काढून बसून सरकत खेळायचे. जमिनीवर आम्ही दोघं बरोबरीचे होतो.

पायात घुंगरांचे वाळे घाला. सोनाराला सांगून घुंगरू पक्के डाख देऊन बसवून घ्या, सुटून तोंडात जायला नकोत. बाळ कुठे आहे ते पाठ फिरवूनही कळतं, आणि आवाज बंद झाला की जास्त लक्ष द्यायचं.

मांडीवर चढायला त्याला शिकवा. मी खुर्चीवर बसायचे, शेजारी बुटकं स्टुल ठेवायचे आणि "चढ" म्हणून हात पुढे करायचे. दहाव्या-अकराव्या महिन्यात तो स्टुलावर गुडघा टेकून, माझा पदर धरून वर यायला लागला. मला उचलावं लागायचं नाही. अशा घरातली मुलं हे फार लवकर शिकतात.

रस्त्यावर जायच्या आधी थांबायचा खेळ घरात खेळा. माझ्या कॅलिपरला गुडघ्यापाशी लॉक आहे. बसताना ते सोडते, उठताना लावते, आणि लागलं की खट् असा आवाज येतो. तो आवाज झाल्यावरच निघायचं, असा आमचा खेळ होता. मी उठायचे, तो दाराशी माझी कुबडी धरून उभा राहायचा आणि ऐकत राहायचा. खट् झालं की "आता" म्हणायचा. तुमच्याकडे लॉक नसेल तर चाकाचा ब्रेक, कुबडीची टकटक, जो आवाज असेल तो घ्या. चालायला लागल्याच्या पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करा, कारण दीड वर्षाच्या पुढे मुलं नवीन नियम ऐकायच्या मनःस्थितीत नसतात.